राहिला का?

आधीच सांगतो, ही गोष्ट रात्रीची नाही.

या पेजवरच्या बहुतेक गोष्टी मी वाचतो. बारा वाजलेले असतात, रस्ता सुनसान असतो, गाडी नेमकी तिथेच बंद पडते. माझ्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. गुरुवार होता. दुपारचे साडेतीन वाजले होते. स्वयंपाकघरात लख्ख ऊन आलं होतं आणि समोरच्या घरात कुणीतरी मिक्सर लावला होता.

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. उलट हे वाचून माझी चार गिऱ्हाईकं कमी व्हायची. तरी लिहितोय, कारण घरात बोलायची सोय नाही.

मी गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. एकोणीस वर्षं झाली. त्यातली अठरा वर्षं काका बरोबर होते. माझे सख्खे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. धंदा त्यांचा, आणि मला शिकवलंही त्यांनीच.

आमची कामाची एक पद्धत होती.

सिलेंडर बहुतेक घरांत मागच्या बाजूला, भिंतीबाहेर असतो. काका तिथे उभे राहायचे. मी आत, शेगडीपाशी. काका पान्याने सिलेंडरवर दोनदा ठोकायचे. ठक ठक. म्हणजे गॅस थोडा सोडला. मग मी बटण दाबून बर्नर पेटवायचा, दहा आकडे मोजायचे आणि बटण सोडायचं. आणि बाहेरून हाक यायची...

"राहिला का?"

म्हणजे जाळ राहिला का. काकांना एका कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे हाक अशी असायची की शेजारचेही उत्तर देतील. मान डावीकडे कलती करून, चांगला कान भिंतीकडे लावून ते उभे असायचे.

जाळ राहिला असेल तर मी ओरडायचो, "राहिला!" मग ते गॅस पूर्ण सोडायचे. नसेल राहिला तर ओरडायचं, "पुन्हा!"

"गेला" म्हणायचं नाही. कधीच नाही.

याचं कारण काकांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. ते नवीन असताना एका घरात बर्नर विझला म्हणून "गेला, गेला!" असं ओरडले. आतून एक म्हातारी छाती बडवत बाहेर आली. तिचा मुलगा हॉस्पिटलमध्ये होता. तिला समजावता समजावता काकांच्या नाकी नऊ आले. "आपण लोकांच्या घरात उभे असतो," काका म्हणायचे. "आत कोण निजलंय, कोण कशाची वाट बघतंय, आपल्याला काय ठाऊक? तोंडातून शब्द बघून काढावा."

दुसरा नियम, डोळ्यांनी जाळ दिसल्याशिवाय "राहिला" म्हणायचं नाही. "तुझ्या शब्दावर मी बाहेरून गॅस सोडतो. आत जाळ नसला तर घर उडेल."

हे दोन नियम. बाकी मला सगळं माफ होतं.

मी मुळात तापट. घाई फार. एक स्क्रू फिरला नाही की मी शेगडीच्या सात पिढ्या काढतो. काका हसायचे आणि म्हणायचे, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." पुढे पुढे अख्खी म्हण म्हणायचाही त्यांना कंटाळा आला. नुसतं "बाशिंग" म्हणायला लागले. "बाशिंग, पिशवी उचल." "बाशिंग, जेवलास का?" चारचौघांत नाही हं. आम्ही दोघंच असलो की. माझ्या बायकोलाही ते नाव माहीत नाही.

हे लक्षात ठेवा.

त्या गुरुवारच्या अकरा महिने आधी एका घरी आम्ही एका बर्नरशी झुंजत होतो. पंधरा-सोळा वेळा पेटवला. दर वेळी सोडला की विझायचा. मी जेवलो नव्हतो. घाम डोळ्यांत जात होता. बाहेरून पुन्हा हाक आली, "राहिला का?" आणि माझं डोकं फिरलं.

"गेला!" मी ओरडलो. "गेला म्हणतो ना!"

बाहेर पाना खाली पडल्याचा आवाज आला.

मग काहीच नाही...

मी मागे गेलो तेव्हा काका भिंतीला टेकून बसले होते. पाय समोर पसरलेले. दमून बसावं तसे. पाना उजव्या हाताशी पडला होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, कुणी काही करू शकलं नसतं. काकीनेही मला बोल लावला नाही. ती आमच्याकडेच राहते. "सुटले," एवढंच म्हणाली. पण मी काय ओरडलो होतो ते मी डॉक्टरांनाही सांगितलं नाही आणि काकीलाही नाही. आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितोय.

काकांची पिशवी मी कपाटात वर टाकली. अकरा महिने उघडली नाही. एकट्याने काम करायला लागलो. आत पेटवायचं, धावत बाहेर जायचं, परत आत यायचं. पण दुसरा माणूस घेतला नाही.

त्या गुरुवारी सकाळी एका ताईंचा फोन आला. घरी शिवणकाम करणाऱ्या. "भाऊ, दोन बर्नरची शेगडी आहे. एक कधीचाच बंद आहे, आता दुसराही राहत नाही. घरात आजारी माणूस आहे हो, त्यांचं सगळं वेगळं शिजवावं लागतं. दोघंजण बघून गेले, कुणाला जमलं नाही."

शेगडी कुठली, विचारलं. जुनी, पितळी बटणांची. त्या शेगडीचा मागचा नट माझ्या कुठल्याच पान्याला बसत नाही. काकांनी त्यासाठी एक पाना घासून घासून मुद्दाम तयार केला होता.

तो पिशवीत होता.

पिशवी खाली काढताना काकी दारात उभी होती. मी चेन उघडली. साबणाचा आणि लोखंडाचा वास आला.

ताईंचं घर तळमजल्यावर. पुढच्या खोलीत खिडकीपाशी शिलाई मशीन, शेजारी पलंग. पलंगावर ताईंचे यजमान. सव्वीस वर्षं बस चालवलेला माणूस. हॉस्पिटलमधून घरी येऊन नऊ दिवस झाले होते. चेहरा उतरलेला, पण जीभ शाबूत.

"या गॅसवाले," ते म्हणाले. "माझी आणि शेगडीची तक्रार एकच. दाबून धरलं तर चालतंय, सोडलं की बंद."

"अहो, बोलू नका जास्त," ताई म्हणाल्या.

"बोललो नाही तर तू नाडी बघायला येतेस. बोललेलं बरं." मग माझ्याकडे वळून, "माझ्याकडून मदतीची आशा ठेवू नका हं. गिअरबॉक्स मागा, डोळे मिटून खोलून देतो. शेगडी कुठल्या बाजूने पेटते ते मात्र या जन्मात बघितलं नाही."

ताई हसल्या. पण डोळे यजमानांच्या श्वासावरच होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे, महिना निघाला तर भीती नाही. तो महिना काढायला त्या कंबर कसून उभ्या होत्या.

मी स्वयंपाकघरात गेलो. स्वच्छ, छोटं. ओट्याच्या वर एक खिडकी, तिला धूसर काच. खिडकीपलीकडे मागची बोळ. तिथेच सिलेंडर. बाहेर जायला स्वयंपाकघरातूनच एक दार.

बर्नर पेटवला. छान निळा. दहा मोजले, बटण सोडलं. फस्स करून गेला... माफ करा. विझला.

यात काही नवल नव्हतं. बर्नरशेजारी तांब्याची एक छोटी काडी असते, थर्मोकपल म्हणतात. जाळाने ती तापली की आतला व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवते. थंड पडली की गॅस बंद. काडीवर काजळी बसली तर तिला ऊब लागत नाही, आणि सोडलं की बर्नर विझतो. दहातल्या आठ घरांत एवढंच असतं.

मी बर्नरची टोपी काढली, भोकं पिनेने साफ केली, काडीचं टोक पॉलिश पेपरने घासलं. तांबं चमकायला लागलं. परत पेटवला.

पुढच्या खोलीत ताईंचं मशीन घरघरत होतं आणि ड्रायव्हरसाहेब मला ऐकू येईल अशा आवाजात किस्सा सांगत होते.

"गॅसवाले, ऐका. एकदा एक बाई बसमध्ये चढली. सात पिशव्या आणि एक नवरा. नवरा मागच्या सीटवर झोपला..."

मी मोजत होतो. दहा. बटण सोडलं. राहिला! एक, दोन, तीन... मी पुन्हा मोजायला लागलो. सातव्या आकड्याला जाळ खिडकीकडे कलला. सगळा, एका बाजूला. खिडकी बंद होती.

आणि विझला.

"...शेवटच्या स्टॉपला ती पिशव्या मोज..."

ड्रायव्हरसाहेब थांबले. शब्द अर्धाच राहिला.

मला वाटलं, दम लागला असेल. मी परत पेटवला.

"...मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार," ते पुढे सांगायला लागले. मध्ये काही झालंच नाही अशा थाटात.

मी बटण दाबून धरून ऐकत होतो. मनात म्हटलं, माणूस मजेशीर आहे. सोडलं. पुन्हा सातव्या आकड्याला जाळ खिडकीकडे कलला...

विझला.

"...पाच, स..."

शांतता.

आणि बाहेरून, बोळीतून...

ठक ठक.

माझा हात बटणावर तसाच राहिला.

म्हटलं, शेजारचं कुणीतरी असेल. बोळ आहे, माणसं येतात-जातात. दार उघडून बाहेर पाहिलं. बोळीत चिटपाखरू नव्हतं. एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला कुलूप लावलेलं फाटक. सिलेंडर सावलीत उभा होता. मी हात लावून पाहिलं, रेग्युलेटर ठीक होता. नळीला साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही.

आत येऊन पेटवला.

"...सहा, सात. सगळ्या पिशव्या आल्या. बाई म्हणाली, चला, काही राहिलं नाही," ड्रायव्हरसाहेबांचा आवाज आला. मशीन घरघरत होतं.

आता मात्र मला ताप यायला लागला. म्हणजे रागाचा. एकच उपाय उरला होता, काडीच बदलायची. त्यासाठी काकांचा पाना लागणार होता. मी बाहेर जाऊन रेग्युलेटर स्वतःच्या हाताने बंद केला. कट्ट असा आवाज आला, तो मी नीट ऐकला. आत आलो. बर्नर विझलेलाच होता. पान्याने नट सैल केला, जुनी काडी काढली, पाना ओट्यावर ठेवला आणि नवी काडी बोटांनी फिरवून बसवली. आता फक्त पान्याने घट्ट करायची होती.

हे सगळं करताना मला काहीतरी खटकत होतं. काय, ते कळत नव्हतं.

मग कळलं.

मशीन बंद होतं.

ड्रायव्हरसाहेबही गप्प होते. मी रेग्युलेटर बंद करून आलो, तेव्हापासून.

"अहो?" ताईंचा आवाज आला. हळू. मग मोठ्याने, "अहो! डोळे उघडा ना. अहो!"

दर वेळी जाळ विझला की हा माणूस अर्ध्या शब्दात थांबत होता, आणि पेटला की तिथूनच पुढे बोलत होता. हे मी दोनदा ऐकलं होतं आणि दोन्ही वेळा डोक्यावरून जाऊ दिलं होतं. आता तर मी गॅसच तोडून बसलो होतो.

नट घट्ट करायला मी ओट्यावर हात टाकला.

पाना नव्हता.

आत्ता ठेवला होता. ओट्यावर, माझ्यासमोर. शेगडीखाली पाहिलं, पिशवीत पाहिलं, जमिनीवर पाहिलं...

ठक ठक.

मी मान वर केली.

खिडकीच्या धूसर काचेपलीकडे कुणीतरी उभं होतं. चेहरा दिसत नव्हता. नुसता आकार. खांदे, डोकं. डोकं डावीकडे कललेलं...

"राहिला का?"

अकरा महिन्यांनी तो आवाज ऐकला मी. तोच. तसाच मोठा. समोरच्या घरातला मिक्सर बंद पडला, इतका मोठा. निदान मला तरी तसं वाटलं.

आतून ताई रडत होत्या. "भाऊ! लवकर या हो! यांना काहीतरी होतंय!"

माझे पाय जागचे हलले नाहीत. समोर बर्नर काळा, थंड. नट सैल. गॅस बंद. नियमाने एकच उत्तर होतं, "पुन्हा." पण पुन्हा कशाचं? पेटवायचं काय? आणि दुसरा शब्द तर मी आयुष्यात एकदाच उच्चारला होता, आणि त्याचं काय झालं ते मला माहीत होतं.

"राहिला का?" बाहेरून परत विचारलं. या वेळी जरा हळू. मला वाटलं, काळजीने.

आणि मी खोटं बोललो.

"राहिला!" मी ओरडलो. "राहिला, काका! राहिला!"

बाहेर कट्ट असा आवाज झाला.

रेग्युलेटर कुणीतरी सुरू केला. मी बंद केलेला.

मी बटणाला हात लावला नव्हता. लायटर माझ्या खिशात होता. नट अजून सैलच होता. तरी बर्नरमधून सूं असा आवाज आला आणि भप्पकन जाळ उठला. निळा, सरळ, खिडकीकडे जराही न कलता.

मी मोजलं. सवयच ती. एक, दोन, तीन... सात. आठ. नऊ. दहा.

राहिला.

"उघडले! डोळे उघडले त्यांनी!" ताई आतून ओरडल्या. हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं.

खिडकीत आता फक्त ऊन होतं.

मी पुढच्या खोलीत गेलो. ड्रायव्हरसाहेब उशीला टेकून उठून बसले होते. मघापेक्षा रंग बरा होता. ताईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. "घाबरवलंत मला," त्या म्हणाल्या. "बोला काहीतरी. ती गोष्ट तरी पुरी करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

मग मान डावीकडे कलती केली.

"जाळ निळा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"टोकाला पिवळा?"

"नाही."

"मग झालं."

शेगडी कुठल्या बाजूने पेटते ते या जन्मात न बघितलेला माणूस हा.

मी पिशवी उचलली. चेन लावायलाही थांबलो नाही. उंबऱ्यापाशी पोचलो, तेव्हा मागून आवाज आला, "पाना राहिला बघ बाहेर."

मघापर्यंत ते मला "गॅसवाले" म्हणत होते. "या, ऐका" म्हणत होते.

मी बोळीत गेलो. पाना सिलेंडरवर ठेवलेला होता. नीट, आडवा, कुणी काम संपवून ठेवावा तसा. मला तो उचलवला नाही. तिथेच सोडून आलो. नट घट्ट केलेला नाही, हे मला आठवत होतं. पण मी परत फिरलो नाही. माझ्या अख्ख्या धंद्यात मी असा कुठलाच नट सोडून आलेलो नाही.

आता एक गोष्ट कबूल करतो. ताईंना वाटतं, मी त्या दिवशी काहीतरी करून त्यांच्या माणसाला वाचवलं. मी "राहिला" म्हणालो तेव्हा ड्रायव्हरसाहेब माझ्या मनातही नव्हते. माझ्या मनात एवढंच होतं, की काका आहेत. बाहेर उभे आहेत. या वेळी मी त्यांना जाऊ देणार नाही.

मी ते शब्द त्यांच्यासाठी ओरडलो.

महिना गेला. डॉक्टरांनी सांगितलेला महिना. एका गुरुवारी दुपारी साडेतीनला ताईंचा फोन आला.

"भाऊ, शेगडी छान चाललीय," त्या म्हणाल्या. "हे पण बरे आहेत. डॉक्टर चकित झाले."

"वा," मी म्हणालो.

"पण..." त्या थांबल्या. मागे मशीनचा आवाज नव्हता. "हे दिवसभर मागच्या बोळीत बसतात. सिलेंडरपाशी. तुमचा एक पाना राहिलाय तिथे, तो हातातून सोडत नाहीत. मी म्हटलं, आजारात होत असेल असं. काल मी म्हटलं, ती सात पिशव्यांची गोष्ट सांगा ना. दोनशे वेळा सांगितलीय हो त्यांनी, लग्नात, बारशात, जिथे जातील तिथे. तर मला म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"कुठली बस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझ्याशी फार नीट वागतात," ताई म्हणाल्या. आवाज फुटत होता. "परक्या बाईशी वागावं तसं. हात धरला तर हळूच सोडवून घेतात. भाऊ, हे बरे झालेत ना? मग मला असं का वाटतं, की..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मला ते माहीत होतं.

"आणि एक विचारायचं होतं. हे सारखे कुणालातरी हाक मारतात. आमच्या नात्यात असं कुणी नाही. बाशिंग कोण हो?"



तेवढ्यात ताईंच्या मागून, लांबून, आवाज आला...

ठक ठक.

"राहिला का?"

काय उत्तर देणार होतो मी? "राहिला" म्हणालो, तर त्या बाईने जन्मभर परक्या माणसाला जेवायला वाढायचं. आणि दुसरा शब्द म्हणालो, तर तिचा नवरा तिथल्या तिथे तिच्यासमोर पडणार. आणि काका दुसऱ्यांदा जाणार. दोन्ही वेळा माझ्याच तोंडून.

"पुन्हा," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

तेव्हापासून दर गुरुवारी साडेतीनला फोन येतो. आता ताई बोलत नाहीत. उचलला की आधी ठक ठक, मग तो प्रश्न. मी "पुन्हा" म्हणतो आणि बंद करतो. न उचलून पाहिलं एकदा. तो वाजतच राहिला, संध्याकाळपर्यंत.

सात गुरुवार झाले.

घरात मी कुणाला काही सांगितलं नाही. पण गेल्या गुरुवारी फोन ठेवून वळलो, तर काकी मागे उभी होती. हातात निवडायचं ताट होतं. ते तिरपं झालं होतं आणि दाणे जमिनीवर सांडत होते. तिचं लक्ष नव्हतं.

"कोणाचा फोन होता रे?" तिने विचारलं.

"गिऱ्हाईक."

"बरं," काकी म्हणाली. मग दाणे वेचायला खाली बसली. वर न बघता म्हणाली, "त्यांना कमी ऐकू येतं ना, म्हणून मोठ्याने बोलतात. मला तिथे दारापर्यंत ऐकू आलं."

आज गुरुवार आहे. हे लिहिता लिहिता सव्वातीन झाले.

काकी मघाशीच येऊन माझ्यासमोर बसली आहे. केस विंचरलेत. ठेवणीतलं लुगडं नेसली आहे. माझा फोन तिने स्वतःच्या मांडीवर घेतला आहे.

मी म्हटलं, काकी, दे तो इकडे.

ती म्हणाली, "आज मी सांगते त्यांना."

काय सांगणार, ते विचारायची माझी हिंमत होत नाही.